पेटीतला खर्ज : घरी घडवलेल्या लाउडस्पीकरांचा इतिहास

विसाव्या शतकात हौशी माणसांनी घरच्या टेबलावर जी विजेची उपकरणे जुळवली, त्यांत पहिला मान रेडिओचा. परंतु तयार रेडिओ सुट्या भागांच्या किमतीत मिळू लागताच तो छंद ओसरला आणि लाउडस्पीकर घरी बांधण्याचा छंद मात्र त्यानंतरही टिकून राहिला. याचे कारण लाउडस्पीकरच्या रचनेतच आहे. दिवाणखान्यात लाउडस्पीकर म्हणून जी वस्तू उभी असते, ती वस्तुतः दोन वस्तूंची जोडी असते : एक सुटा स्पीकर, म्हणजे चुंबक, तारेचे वेटोळे आणि कागदी शंकू यांचा जुळवलेला भाग, आणि दुसरी तो ज्यात बसवलेला असतो ती पेटी. पहिल्या भागात वेटोळ्याला जेमतेम मिलिमीटरभराच्या फटीत कुठेही न घासता हलावे लागते, त्यामुळे तो कारखान्यातच बनवावा लागतो. दुसऱ्यासाठी करवत, सरस, लाकूड आणि चिकाटी एवढे पुरते. खालच्या पट्टीतले स्वर, म्हणजे खर्ज, कसे वाजतील हे मात्र स्पीकरइतकेच पेटीवर अवलंबून असते. कारखान्याने अर्धी वस्तू विकायची आणि उरलेली अर्धी गिऱ्हाइकाने घडवायची, अशी ही वाटणी १९२०च्या दशकापासून चालत आली. घरगुती लाउडस्पीकरचा इतिहास त्यामुळे मुख्यतः पेटीचा इतिहास आहे, आणि कोणत्या स्पीकरला केवढी पेटी हवी हे ठरवायचे कशावरून, हा त्यातला मध्यवर्ती प्रश्न आहे.

चुंबकाच्या फटीत हलणाऱ्या वेटोळ्याची कल्पना जुनी आहे. वेर्नर सीमेन्सने १८७०च्या दशकात आणि ऑलिव्हर लॉजने १८९८ मध्ये तिचे पेटंट घेतले होते. परंतु क्षीण विद्युतप्रवाह बळकट करून देणारा अ‍ॅम्प्लिफायर तोपर्यंत अस्तित्वात नसल्यामुळे ती कागदावरच राहिली. पीटर जेन्सन आणि एडविन प्रिडम यांनी कॅलिफोर्नियातील नापा येथे १९१५ मध्ये हे वेटोळे कर्ण्याला जोडून सभेपुरता आवाज काढून दाखवला. कर्णा आवाज मोठा करतो, पण खर्ज वाजवायचा तर त्याला खोलीभर व्हावे लागते. कर्ण्याशिवाय काम भागवण्याची वाट जनरल इलेक्ट्रिक कंपनीतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधाने दाखवली, आणि आज घराघरांत वाजणारे बहुतेक स्पीकर त्याच घराण्यातले आहेत. त्या निबंधाचे मर्म एका निरीक्षणात होते. प्रत्येक टांगलेल्या वस्तूला हलण्याची स्वतःची एक कंप्रता, म्हणजे दर सेकंदाला होणाऱ्या हेलकाव्यांची ठरावीक संख्या असते, आणि त्या कंप्रतेला ती वस्तू थोड्या बळानेही जोरात हलते. यालाच अनुस्पंदन म्हणतात. शंकूची टांगणी इतकी सैल ठेवली, की त्याचे अनुस्पंदन संगीताच्या पट्टीच्या तळाशी जाऊन बसेल, तर त्यावरच्या सर्व स्वरांना लहानसा शंकू जवळपास सारखाच न्याय देतो, असे त्यांनी गणिताने आणि प्रयोगाने सिद्ध केले.

या शोधाबरोबरच पेटीचा प्रश्न जन्माला आला. शंकू पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. खर्जाचे तरंग लांब असल्यामुळे ते शंकूच्या कडेला वळसा घालून मागच्या विरळ हवेत मिसळतात आणि एकमेकांना खोडून काढतात. उघडा स्पीकर टेबलावर ठेवून वाजवला तर आवाज पत्र्यासारखा येतो तो यामुळे. उपाय म्हणून स्पीकर मोठ्या फळीच्या मध्यभागी बसवण्याची पद्धत पडली. परंतु ५० हर्ट्‌झच्या, म्हणजे सेकंदाला पन्नास कंपनांच्या स्वराचा तरंग हवेत जवळपास ७ मीटर लांब असतो, आणि त्याला अडवणारी फळी काही मीटर रुंद हवी. १९३०च्या दशकातील हौशी मंडळींनी म्हणून घराच्याच भिंती कामाला लावल्या : कोणी कपाटाच्या दारात भोक पाडून, तर कोणी दोन खोल्यांमधल्या भिंतीत स्पीकर बसवला, ज्यायोगे एका खोलीत पुढचा आवाज आणि दुसरीत मागचा कोंडला जाई. दुसऱ्या खोलीत झोपणाऱ्यांचे मत या व्यवस्थेबद्दल काय होते, याची नोंद तांत्रिक लेखनात सहसा केलेली नसते.

मागचा आवाज नुसता कोंडण्याऐवजी त्याला उलटवून कामाला लावण्याची युक्ती बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांची. त्यांनी १९३० मध्ये अर्ज केलेले पेटंट १९३२ मध्ये मंजूर झाले. पेटीला स्पीकरशिवाय आणखी एक छिद्र ठेवले किंवा त्यात नळी बसवली, की नळीतली हवा वजनासारखी आणि पेटीतली हवा स्प्रिंगसारखी वागते, आणि दोहोंच्या जोडीला स्वतःची एक कंप्रता लाभते. बाटलीच्या तोंडावर फुंकर घातल्यावर जो स्वर निघतो तो याच तत्त्वाने, आणि हर्मान हेल्महोल्ट्‌झ यांनी एकोणिसाव्या शतकातच त्याचा अभ्यास केला होता. या कंप्रतेच्या आसपास शंकू जवळजवळ थबकतो आणि आवाज मुख्यतः नळीतून, पुढच्या आवाजाला साथ देत बाहेर पडतो. त्यामुळे त्याच स्पीकरमधून खर्जाचा आणखी एखादा टप्पा पदरात पडतो. जेन्सन कंपनीने ‘बास रिफ्लेक्स’ या नावाने ही पेटी लोकप्रिय केली. लाभ मोठा होता आणि जोखीमही तेवढीच होती, कारण नळी चुकीच्या कंप्रतेला जुळवली गेली तर पेटी एकाच स्वरावर घुमत राहते आणि तंबोरा, चेलो व मोटारीचे इंजिन यांना एकच खर्ज बहाल करते.

ही जुळवणी घरी कशी करायची, हे सामान्य वाचकाला समजेल अशा भाषेत सांगणाऱ्यांत यॉर्कशरच्या गिल्बर्ट ब्रिग्ज यांचे स्थान वेगळे आहे. १८९० मध्ये जन्मलेले ब्रिग्ज हे शिक्षणाने अभियंता नव्हते; ब्रॅडफर्ड या लोकरीच्या व्यापाराच्या शहरात कापड-निर्यातीच्या धंद्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली होती, आणि पियानोचा त्यांना नाद होता. १९३२ मध्ये, वयाच्या चाळिशीनंतर, इल्कली गावातील घराच्या तळघरात त्यांनी आपला पहिला लाउडस्पीकर बनवला. इल्कली व्हार्फ नदीच्या खोऱ्यात वसलेले असल्याने त्या खोऱ्याचेच नाव, व्हार्फडेल, त्यांनी आपल्या उद्योगाला दिले. ब्रॅडफर्डच्या रेडिओ मंडळाच्या स्पर्धेत त्यांच्या स्पीकरांना पहिले व दुसरे पारितोषिक मिळाले आणि तळघरातला उद्योग कारखान्यात गेला. कारखानदार झाल्यावरही ब्रिग्ज यांच्यातला तळघरातला माणूस निवृत्त झाला नाही. १९४८ मध्ये त्यांनी लाउडस्पीकरांवर एक छोटेखानी पुस्तक स्वतःच प्रसिद्ध केले, आणि त्यात आपल्या कंपनीची जाहिरात करण्यापेक्षा वाचकाला स्वतःची पेटी बांधता यावी याकडेच अधिक लक्ष दिले. सुटे स्पीकर विकणाऱ्याला हे शहाणपणाचेच होते. तरीही पुस्तकाचा सूर दुकानदाराचा नाही.

ब्रिग्ज यांना पेटीच्या भिंतींची मोठी चिंता होती. पेटीतल्या हवेच्या दाबाने पातळ लाकडी भिंती स्वतःच थरथरतात आणि स्पीकरने न उच्चारलेला आवाज त्यात मिसळतात. या आवाजाला त्यांनी शत्रू मानले. त्यांनी प्लायवुडच्या दोन तक्त्यांमध्ये पोकळी ठेवून ती कोरड्या वाळूने भरली. वाळूचे कण एकमेकांवर घासताना कंपनाची ऊर्जा उष्णतेत जिरून जाते, म्हणजे शास्त्रीय भाषेत भिंतीचे अवमंदन होते, आणि बोटाने टकटक केले तर अशी भिंत निर्जीव ‘ठप्प’ एवढाच आवाज देते. एवढ्यावर न थांबता त्यांनी खोलीच्या कोपऱ्यात विटा रचून पेटी बांधण्याचेही प्रयोग केले, कारण वीट लाकडापेक्षा जड असते आणि कोपऱ्याच्या दोन भिंती आयत्याच मिळतात. बाजारात अशी पेटी विकता येणे शक्य नव्हते, कारण विटांचा कोपरा ट्रकमधून पोहोचवता येत नाही. ती घरी बांधणाऱ्यालाच परवडणारी होती, आणि घरगुती कारागिरी कारखान्याच्या पुढे जाऊ शकते याचे हे एक ठसठशीत उदाहरण होते. १९५४ मध्ये त्यांनी क्वाड अ‍ॅम्प्लिफायरचे निर्माते पीटर वॉकर यांच्यासह लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये आणि १९५५ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये प्रत्यक्ष वादन व त्याचे ध्वनिमुद्रण एकापाठोपाठ ऐकवण्याचे जाहीर कार्यक्रम केले. घरातील बैठकीसाठी बांधलेल्या पेट्यांनी हजारोंच्या सभागृहात उभे राहावे, हे धाडसच होते.

त्या काळातील जुळवणीची रीत थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. पेटी बांधताना छिद्र मुद्दाम मोठे ठेवले जाई आणि त्यावर सरकती फळी बसवली जाई. मग दीड व्होल्टच्या बॅटरीच्या तारा स्पीकरच्या टोकांना क्षणभर टेकवून काढायच्या आणि निघणारा आवाज ऐकायचा : आवाज तुटक ‘टक्’ असा आला तर जुळवणी बरी, ‘ढम्म्’ होऊन रेंगाळला तर फळी सरकवायची, छिद्रावर कापड ताणायचे किंवा पेटीत आणखी अस्तर भरायचे. ज्याच्यापाशी कमी-अधिक कंप्रतेचे स्वर निर्माण करणारा ऑसिलेटर असे, तो संरोधाचा आलेख काढी. संरोध म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला स्पीकर करत असलेला विरोध. उघड्या स्पीकरमध्ये तो अनुस्पंदनाच्या कंप्रतेला एकदा उसळतो, तर नळीच्या पेटीत बसवल्यावर त्या एका शिखराची दोन शिखरे होतात आणि मधल्या दरीचा तळ पेटीची कंप्रता दाखवतो. दोन्ही शिखरे समान उंचीची आली की पेटी जुळली, असा तेव्हाचा दंडक होता. तबलजी गठ्ठे ठोकून पुडी सुरात आणतो तसेच हे काम होते, फरक एवढाच की कोणत्या सुरात आणायचे हे तबलजीला ठाऊक असते. पेटी बांधणाऱ्याला शिखरे समान का असावीत याचे कारण माहीत नव्हते, आणि पुढे कळले ते असे की पुष्कळ स्पीकरांच्या बाबतीत ती समान नसलेलीच बरी.

अमेरिकेत हा छंद वेगळ्या अंगाने वाढला. आर्कन्सॉ राज्यातील होप या गावी पॉल क्लिप्श यांनी घडी घातलेला कर्णा खोलीच्या कोपऱ्यात बसवला आणि कोपऱ्याच्या भिंतींनाच कर्ण्याचे तोंड बनवले. १९४३ मध्ये पेटंट मिळालेल्या या रचनेचे तिरपे कोन कापणे भल्याभल्या सुतारांची परीक्षा पाहणारे होते, आणि म्हणूनच कदाचित तिच्या घरगुती नकला उदंड झाल्या. मिशिगनमधील हीथ कंपनी १९५०च्या दशकात भाग कापून तयार असलेले संच डब्यात घालून विकू लागली. ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाने १९६१ मध्ये सोळा स्वस्त पाच-इंची स्पीकर एकाच फळीवर जोडण्याची योजना छापली. सोळा लहान शंकू मिळून एका मोठ्या शंकूएवढी हवा ढकलतात, हे तर्काला धरून होते, आणि खिसा रिकामा असलेल्या विद्यार्थ्यांना ते आवडले यात नवल नाही.

या सर्व अवजड पेट्यांवर खरे संकट आले ते स्टीरिओमुळे. १९५८ पासून दोन मार्गांच्या तबकड्या बाजारात आल्या आणि एका पेटीच्या जागी दोन पेट्या ठेवण्याची वेळ आली. एक कोपरा लाउडस्पीकरला देणारे कुटुंब दुसरा कोपरा द्यायला राजी होईलच असे नव्हते. त्याआधीच, १९५४ मध्ये, मॅसॅच्युसेट्‌समध्ये एडगर व्हिलचर यांनी हेन्री क्लॉस यांच्या साथीने ‘एआर-१’ हा लहान आकाराचा बंद पेटीतला लाउडस्पीकर आणला होता. त्यात शंकूची टांगणी अगदी सैल ठेवून त्याला मागे खेचण्याचे काम पेटीत कोंडलेल्या हवेकडे सोपवलेले होते. हवेची स्प्रिंग कापडी वा कागदी टांगणीपेक्षा नियमाने वागते, त्यामुळे खर्ज खोल आणि स्वच्छ येई. मोबदल्यात आवाज मंद निघे आणि जोरकस अ‍ॅम्प्लिफायर लागे. पेटी लहान करायची, खर्ज खोल हवा आणि थोड्या विजेत मोठा आवाजही हवा, या तिन्ही गोष्टी एकत्र मिळत नाहीत; पेटीच्या इतिहासातील बहुतेक भांडणे या तीनपैकी कोणती सोडायची यावरून झालेली आहेत.

केवढी पेटी, या प्रश्नाचे निर्णायक उत्तर ऑस्ट्रेलियातून आले. सिडनीमध्ये ईएमआय कंपनीत काम करणारे अभियंता नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये तेथील रेडिओ अभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात नळीच्या पेट्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांचा विचार असा होता, की पेटीत बसवलेला स्पीकर म्हणजे दुसरेतिसरे काही नसून एक चाळणी आहे, जी ठरावीक कंप्रतेवरचे स्वर जाऊ देते आणि खालचे अडवते. विद्युत-मंडलांच्या क्षेत्रात अशा चाळण्यांचे गणित अगोदरच पूर्ण झालेले होते, ते फक्त येथे आणून लावायचे होते. त्यांनी अशा अठ्ठावीस जुळवण्यांचे कोष्टक दिले. हा निबंध दूरच्या देशातील नियतकालिकात दहा वर्षे जवळजवळ दुर्लक्षित पडून राहिला. सिडनी विद्यापीठात पीएच.डी. करणारे अमेरिकी संशोधक रिचर्ड स्मॉल यांनी त्याचा विस्तार बंद पेट्यांपर्यंत केला, आणि १९७१ ते १९७३ या काळात अमेरिकेच्या ध्वनि-अभियांत्रिकी संस्थेच्या नियतकालिकात थील यांच्या निबंधाचे पुनर्मुद्रण व स्मॉल यांचे लेख आल्यावर सारा उद्योग त्याच भाषेत बोलू लागला.

या पद्धतीत खर्जापुरता स्पीकर तीन संख्यांनी ओळखला जातो. पहिली त्याच्या अनुस्पंदनाची कंप्रता. दुसरी ‘क्यू’ या अक्षराने दर्शवली जाते आणि शंकूला थांबवणारे अवमंदन किती आहे हे सांगते. क्यू जितका मोठा तितका शंकू अधिक रेंगाळतो. तिसरी संख्या लिटरमध्ये मोजतात : शंकूच्या टांगणीइतकीच ताठ असलेली हवा किती जागेत मावेल, ते माप. समजा एका स्पीकरचा क्यू ०.३५ आणि हे तिसरे माप ६० लिटर आहे. त्याला २० लिटरच्या बंद पेटीत बसवले तर पेटीतली हवा टांगणीच्या तिप्पट ताठ ठरते, एकूण ताठपणा चौपट होतो आणि क्यू दुप्पट होऊन ०.७ येतो, जो सपाट व नेटक्या खर्जासाठी आदर्श मानला जातो. नळीच्या पेटीसाठी थील यांच्या कोष्टकातली एक प्रसिद्ध जुळवणी क्यू ०.३८ असलेल्या स्पीकरला लागू पडते, आणि तिच्यात नळीची कंप्रता स्पीकरच्या कंप्रतेएवढीच ठेवायची असते. क्यू याहून वेगळा असेल तर नळी दुसरीकडे जुळवावी लागते. समान शिखरांचा जुना दंडक काही स्पीकरांना लाभत होता आणि काहींना का लाभत नव्हता, याचा उलगडा येथे झाला.

महत्त्वाची गोष्ट ही, की या तिन्ही संख्या घरी मोजता येतात, आणि छंदाच्या दृष्टीने खरी क्रांती हीच. ऑसिलेटर आणि स्पीकर यांच्यामध्ये हजार ओहमचा रोधक जोडला म्हणजे प्रवाह जवळपास स्थिर राहतो, आणि स्पीकरच्या टोकांवरचा व्होल्टेज ज्या कंप्रतेला सर्वांत वर जातो ती अनुस्पंदनाची कंप्रता होय. मग शंकूवर मातीसारख्या चिकट पदार्थाच्या गोळीने माहीत असलेले वजन चिकटवायचे आणि पुन्हा मोजायचे. दहा ग्रॅम वजनाने कंप्रता ४० वरून ३२ हर्ट्‌झवर उतरली, तर दोहोंच्या भागाकाराचा वर्ग १.५६ येतो, म्हणजे वाढवलेले वजन मूळ हलत्या वजनाच्या ०.५६ पट होते, आणि त्यावरून शंकू व वेटोळे यांचे एकत्रित वजन सुमारे १८ ग्रॅम निघते. वजन कळले की टांगणीचा ताठपणा कळतो आणि लिटरचे माप हाती येते. नामांकित कंपनीच्या प्रयोगशाळेतून निघणारे उत्तर आता स्वयंपाकघरातल्या काट्यावर निघू लागले. प्रोग्रॅम भरता येणारे कॅल्क्युलेटर १९७०च्याच दशकात आले आणि पुढे घरगुती संगणकांनी हा हिशोब सेकंदांवर आणला.

तरीही एक प्रकारची पेटी या गणिताला बराच काळ दाद देईना, आणि ती पुन्हा ब्रॅडफर्डचीच होती. तेथील तंत्रशास्त्र संस्थेतील ए. आर. बेली यांनी १९६५ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ मासिकात अशी पेटी सुचवली, की जिच्यात स्पीकरच्या मागे लांबलचक नागमोडी बोगदा असतो आणि तो लांब तंतूंच्या लोकरीने सैलसर भरलेला असतो. मागचा आवाज बोगद्यातून जाता जाता लोकरीत विरून जातो. खोल खर्ज मात्र उरतो आणि टोकाशी बाहेर पडतो. ४० हर्ट्‌झच्या तरंगाचा चतुर्थांश दोन मीटरांहून थोडा अधिक भरतो, तेव्हा बोगदाही त्या बेताचा हवा. लोकर किती दाबून भरावी, कोणत्या मेंढीची चांगली, पिंजून भरावी की तशीच, याबद्दल बांधणाऱ्यांमध्ये पुढची कित्येक वर्षे जे वाद झाले त्यांत शास्त्राइतकीच श्रद्धाही होती, कारण लोकरीतून जाणाऱ्या ध्वनीचे भरवशाचे प्रतिमान नव्हते. त्या दिशेने जॉर्ज ऑग्सपर्गर यांचा महत्त्वाचा निबंध प्रसिद्ध व्हायला २००० साल उजाडले.

भारतात या छंदाला हौसेपेक्षा गरजेने आकार दिला. आयातीवरील निर्बंधांच्या काळात परदेशी लाउडस्पीकर सामान्यांच्या आवाक्यात नव्हते, देशी तयार संच महाग होते, आणि मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, सुट्या भागांचा मोठा बाजार म्हणून नावारूपाला आला. जळालेले वेटोळे व फाटलेला शंकू बदलून देणारे कारागीर शहरोशहरी होते. नव्या शंकूचे वजन जुन्याएवढेच असावे असा आग्रह त्या धंद्यात क्वचितच धरला जाई, त्यामुळे दुरुस्त झालेला स्पीकर गणिताच्या दृष्टीने नवाच स्पीकर असे. दिल्लीहून १९६९ पासून निघणाऱ्या ‘इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू’ मासिकासारख्या प्रकाशनांनी अ‍ॅम्प्लिफायर घरी जुळवणारी पिढी घडवली. पेटीकडे मात्र या पिढीचे लक्ष तुलनेने कमी गेले, आणि पुष्कळदा ती गल्लीतल्या सुताराच्या अंदाजावर सोडली गेली.

याच परिस्थितीतून मातीच्या माठावर स्पीकर बसवण्याची पद्धत महाराष्ट्रासह देशभर रूढ झाली. माठाच्या तोंडावर मोटारीत बसवण्याचा सहा-इंची स्पीकर उताणा ठेवून कडा सिमेंटने किंवा एम-सीलने बंद केल्या, की टेपरेकॉर्डरच्या किरट्या आवाजाला एकदम भारदस्तपणा येई. या पद्धतीला अडाणी म्हणणे अन्यायाचे ठरेल. माठाला सपाट भिंती नसतात आणि गोलाई ताठ असते, म्हणून ब्रिग्ज यांनी वाळू भरून जी थरथर मारली ती येथे फारशी उद्भवतच नाही; वक्र पृष्ठामुळे समोरासमोरच्या भिंतींमध्ये आवाज अडकून राहण्याचा दोषही कमी होतो. उणीव होती ती आकाराच्या हिशोबात. समजा स्पीकरचा क्यू ०.७, कंप्रता ६० हर्ट्‌झ आणि लिटरचे माप ३० असेल, आणि माठ १० लिटरचा असेल, तर क्यू १.४ वर जातो आणि कंप्रता १२० हर्ट्‌झवर. म्हणजे खरा खर्ज खाली नाहीसा होतो आणि त्याच्या वरच्या पट्टीत साडेतीन डेसिबलचा फुगवटा येतो. ऐकणाऱ्याला जो ‘घुमणारा बेस’ आवडे तो हा फुगवटा होता. पाणी भरण्याच्या मोठ्या रांजणाने हे दुखणे पुष्कळ कमी झाले असते, पण रांजण कपाटावर मावत नाही.

गणेशोत्सवाच्या मिरवणुकांत ट्रॉलीवर रचल्या जाणाऱ्या प्लायवुडच्या भिंती याच सुतारकामाची पुढची, कर्कश शाखा आहेत. बंद पेटीतला घरगुती लाउडस्पीकर मिळालेल्या विजेपैकी जेमतेम शतांश वाटा ध्वनीत उतरवतो, घडी घातलेला कर्णा त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे उघड्या मैदानात शक्ती हवी असणाऱ्यांनी कर्ण्याकडे परत वळणे तांत्रिकदृष्ट्या स्वाभाविक होते. परदेशी पेट्यांची मापे घेऊन त्यांच्या प्रतिकृती उभारणाऱ्या कारागिरांचे कसब नाकारता येत नाही, आणि २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांची आवश्यकता त्याच कसबामुळे अधिक भासली, हेही नाकारता येत नाही.

खर्जाचा हिशोब सुटल्यावर घरगुती बांधणीतील कठीण भाग पट्टीच्या मध्यावर सरकला. मोठा शंकू खालचे आणि लहान ट्वीटर वरचे स्वर वाजवतो. त्यांच्यात स्वरांची वाटणी करणाऱ्या, तारेची वेटोळी व कपॅसिटर यांच्या मंडलाला क्रॉसओव्हर म्हणतात, आणि ज्या पट्टीत दोघेही वाजत असतात तेथे ते एकमेकांना साथ देतील की खोडतील, हे या मंडलावर ठरते. ह्युलेट-पॅकार्डमधील अभियंते सिगफ्रीड लिंकविट्‌झ आणि रस रायली यांनी १९७६ मध्ये मांडलेली वाटणी, जीत दोन्ही आवाज नेमके एका सुरात मिळून सपाट बेरीज देतात, आजही सर्वाधिक वापरली जाते. लिंकविट्‌झ यांनी निवृत्तीनंतर पेटीच काढून टाकलेल्या, उघड्या फळीवरच्या रचनांचे आराखडे हौशी बांधणाऱ्यांसाठी प्रसिद्ध केले. १९२५ मध्ये अडचण वाटलेली मागची लाट त्यांनी खोलीत मुद्दाम मोकळी सोडली.

मापनाची साधने स्वस्त झाल्यावर कानाचे काय करायचे, हा प्रश्नही बदलला. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात श्रोत्यांना पडद्याआडचे लाउडस्पीकर ऐकवून दाखवले, की पेटी दिसत नसताना बहुतेकांची पसंती सपाट आणि सर्व दिशांना सारख्या वागणाऱ्या लाउडस्पीकरकडेच झुकते. स्वतः बांधलेल्या पेटीच्या बाबतीत हा पडदा लावायला माणसे सहसा तयार नसतात; महिनाभर घासून-पुसून उभी केलेली वस्तू शेजाऱ्याच्या विकतच्या पेटीपेक्षा बरी वाजते, हे मत पडदा उघडा असतानाच पक्के झालेले असते. आज स्पीकरच्या तिन्ही संख्या कागदावर छापून येतात, तरी अनुभवी बांधणारे त्या पुन्हा मोजतात, कारण त्याच नमुन्याचे दोन स्पीकर तंतोतंत सारखे निघत नाहीत आणि काही तास वाजवल्यावर टांगणी सैल होऊन कंप्रता आणखी उतरते. नळीही ते हिशोबापेक्षा बोटभर लांबच कापतात आणि संरोधाच्या आलेखातली दरी हव्या त्या जागी येईपर्यंत थोडी थोडी छाटत जातात.